काचेच्या टाकीचे तीन सेकंद

मी एक जुनी काचेची टाकी आहे. उंची दोन वीत, रुंदी एक वीत. डाव्या अंगाला पितळी झडप, तळाशी अंगठ्याएवढा पंप, आत दोन तरंगते गोळे आणि माथ्यावर एक छोटा हिरवा दिवा. माशांची टाकी समजून लोक वाकून वाकून माझ्यात पाहतात आणि मासा न दिसल्यामुळे हिरमुसतात. मित्रांनो, माझ्यात मासा कधीच नव्हता. माझ्यात जे होते ते माशापेक्षा कितीतरी मजेदार होते आणि ते सांगायला मी अगदी उतावीळ झाले आहे. पण सुरुवात त्या रविवारापासून करायला हवी. आमच्या घरातला तो शेवटचा साधा रविवार होता.

सकाळची उन्हे टेबलावर आली होती. माझे मालक मला पालथी घालून माझ्या झडपेचा स्क्रू काढत होते. वय चौऱ्याहत्तर, चष्मा कपाळावर, आणि तोच चष्मा ते टेबलावर शोधत होते. कचेरीत त्यांना सगळे सोपेकाका म्हणायचे. कोणी काही अवघड सांगू लागले की ते म्हणत, "सोपं करून सांग. सोपं होत नसेल तर तुलाच कळलेलं नाही."

स्वयंपाकघरातून त्यांची थोरली बहीण ओरडली, "त्या काचेची अंघोळ झाली असेल तर आता स्वतःची उरकून घे!" त्यांना घरात सगळे आत्या म्हणतात. त्यांचे वय विचारायची कोणाची छाती नाही.

"दहाच मिनिटं, ताई."

"तुझ्या दहा मिनिटांत माझी डाळ शिजून गार होते."

समोरच्या खुर्चीत काकांची मुलगी बसली होती. ती दर रविवारी यायची. आता तिचे केस कानांपाशी पांढरे झाले होते.

"बाबा, स्क्रू उलटा फिरवताय तुम्ही."

"पस्तीस वर्षं उलटाच फिरवतोय. आता त्याला सवय झालीये."

ती हसली. मग म्हणाली, "बाबा, एक बोलायचं होतं. त्या सहा गेटांबद्दल."

काकांनी स्क्रू खाली ठेवला. चष्मा कपाळावर सापडला, तो नाकावर घेतला आणि तिच्याकडे पाहिले. "बोल की."

माझा पंप त्या वेळी बंद होता, म्हणून मला अगदी स्पष्ट ऐकू येत होते. तिने तोंड उघडले. मग माझ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "काही नाही. वॉशर बदलायला हवा हिचा."

सतरा वर्षे ती एक वाक्य घेऊन या घरात येत होती आणि तसेच परत नेत होती. त्या रविवारीही तिने ते परत नेले. मंगळवारी सकाळी काका खुर्चीत बसल्या बसल्या गेले. हातातला चहाचा कप पडलासुद्धा नाही. आत्यांनी तो हळूच काढून घेतला.

ते वाक्य कोणते, आणि ते तिने कधी उच्चारले का, हे मला सांगायचे आहे. पण त्यासाठी आधी माझा जन्म ऐकावा लागेल.

माझी काच एका चौकटीवाल्याच्या दुकानात कापली गेली. आरसे कापून उरलेले तुकडे होते ते. काकांनी ते घरी आणले, कडांना काळी लांबी, म्हणजे काच जोडायचा लगदा, भरला आणि तीन दिवस कोणालाही हात लावू दिला नाही. झडप जुन्या बाजारातली. तिला फिरवणारी छोटी मोटर एका बिघडलेल्या खेळण्यातली. वर स्टुलावर बादली. बादलीतून नळीने पाणी झडपेपाशी यायचे आणि झडप उघडी असली की माझ्यात पडायचे. तळचा पंप तेच पाणी पुन्हा बादलीत चढवायचा. पाणी खाली गेले की खालचा गोळा झडप उघडायचा. पाणी वर आले की वरचा गोळा झडपेला सांगायचा, "मिटून घे." असा निरोप गेला की माथ्यावरचा हिरवा दिवा लागायचा.

मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने विचारले, "बाबा, ही कधी सांडेल का?"

"छान प्रश्न," काका म्हणाले. "बघत बसू या का?"

"किती वेळ?"

"सांडेपर्यंत. नाही सांडली तर जन्मभर."

मित्रांनो, यातली गंमत नीट बघा. झडप उघडी तरी असते नाहीतर मिटलेली. जिन्याच्या पायऱ्यांसारखे, एक सोडून दुसरीवर उडी. पाणी मात्र उतारासारखे असते. कोणत्याही दोन उंचींच्या मध्ये आणखी एक उंची सापडतेच. म्हणजे मी एकाच वेळी जिनाही आहे आणि उतारही आहे! अशा वस्तू तुमच्या भोवती ढिगाने आहेत. लिफ्ट तशीच, आगगाडीचे फाटक तसेच, दवाखान्यात थेंब थेंब औषध देणारे यंत्रही तसेच. अशा वस्तूची प्रत्येक अवस्था तपासायची म्हटली तर पृथ्वीवरचे सगळे संगणक म्हातारे होतील. कारण उतारावर जागा मोजून संपतच नाहीत.

मग काकांनी काय केले? त्यांनी माझ्या काचेवर आडव्या तीन रंगीत चिकटपट्ट्या लावल्या.

बस्स, तेवढेच! माझ्या पोटात चार घरे झाली. तळ, मध्य, काठ आणि सगळ्यात वर सांड. आता पाणी किती बोटे आणि किती केस वर आहे हे कोणी विचारायचे नाही. कोणत्या घरात आहे, एवढेच विचारायचे. चार घरे, आणि प्रत्येकात झडप उघडी किंवा मिटलेली. चार दुणे आठ. ज्या जागा कधी मोजून संपत नव्हत्या त्या आठ झाल्या! काकांनी पुठ्ठ्यावर आठ चौकोन काढले आणि जिथे या चौकोनातून त्या चौकोनात पाणी जाऊ शकते तिथे बाण काढले. आता सांडण्याचा प्रश्न म्हणजे फक्त बोटाने खेळायचा खेळ. कोणत्याही बाणावरून चालत बोट 'सांड' मध्ये पोचते का? पोचले नाही तर मी कधीच सांडणार नाही. आज नाही, उद्या नाही, शंभर वर्षांनी नाही. बघत बसायची गरजच नाही!

मला आठवते, ते पहिल्यांदा कळले तेव्हा माझे पाणी आपोआप थरथरले होते. खरे सांगायचे तर खालून ट्रक गेला होता. पण मला वाटले, मीच.

खेळाला एक नियम होता. "सोपं करताना भित्र्याच्या बाजूने करायचं," काका म्हणाले. "पाणी या घरातून त्या घरात जाईल की नाही अशी शंका आली, की बाण आखून ठेवायचा. मग फार तर काय होईल?"

"उगाच भीती वाटेल," मुलगी म्हणाली.

"वाटू दे. उगाच मारलेली हाक परवडते. हाक मारायला हवी तिथे गप्प बसलेलं परवडत नाही."

मुलीने बोट फिरवले आणि ती जोरात ओरडली, "बाबा! सांडतंय! काठावर झडप उघडी, आणि तिथून बाण सरळ वर!"

आत्या झाडू घेऊन धावत आल्या. "कुठे? कुठे सांडलं?"

"पुठ्ठ्यावर, आत्या!"

"पुठ्ठ्यावर सांडलेलं पुसायला मला कशाला बोलावता?"

काकांनी मात्र टाळी वाजवली. "हाक आली! आता हाक आल्यावर काय करायचं? रागवायचं नाही. खऱ्या वस्तूपाशी जाऊन विचारायचं." आणि दोघे माझ्यासमोर गुडघ्यांवर बसले. हिरवा दिवा लागला तेव्हापासून झडपेतून शेवटचा थेंब पडेपर्यंत मुलीने काकांच्या हातातले घड्याळ पाहून मोजले. एक, दोन, तीन. पुन्हा मोजले. एक, दोन, तीन. दहा वेळा मोजले आणि दहाही वेळा तीनच आले. निरोप मिळाल्यापासून पूर्ण मिटायला माझ्या झडपेला तीन सेकंद लागतात. तेवढ्यात पाणी अर्धे बोट चढते आणि थांबते. काकांनी काठाच्या घरात मधोमध चौथी पट्टी लावली. आठाचे दहा चौकोन झाले, आणि आता उघड्या झडपेचे पाणी त्या पट्टीच्या वर जातच नव्हते. सांडचा बाण पुसला गेला. हाक खोटी होती, पण ती खोटी आहे हे माझ्यापाशी येऊन, मोजून ठरले होते.

त्या दिवसापासून "तीन" हा आकडा मुलीला पाठ झाला. शाळेत जाताना बूट तीन सेकंदांत घालायचे, दिवा तीन सेकंदांत मालवायचा. "झडप मिटली का?" काका विचारायचे आणि ती दारातून ओरडायची, "एक, दोन, तीन, मिटली!"

पुढे काकांनी मला कचेरीत नेले. ती तपासणीची कचेरी होती. पाणी, वीज, फाटके, लिफ्ट असल्या गोष्टी चालवणारे प्रोग्रॅम सुरू होण्याआधी तिथे यायचे. काकांची सही झाल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. नवीन आलेल्या प्रत्येक माणसाला काका आधी माझ्यासमोर बसवायचे. मोठमोठ्या पदव्या घेतलेली माणसे माझ्यासमोर ओल्या बाह्यांनी बसायची आणि उठताना लहान मुलांसारखी हसायची. माझी काच रोज पुसली जायची. पाहुणे आले की मला मधल्या टेबलावर ठेवायचे. मला किती गर्व झाला होता म्हणून सांगू! शेजारच्या टेबलावरच्या छपाई यंत्राशी मी दोन वर्षे बोलले नाही.

मग एके दिवशी तीच मुलगी त्याच कचेरीत नोकरीला लागली. पहिल्या दिवशी दोघांचे दारातच ठरले.

"इथे बाबा नाही म्हणायचं."

"मग काय म्हणू? सोपेकाका?"

"सगळे म्हणतात ते म्हण. मी तुला मॅडम म्हणेन."

"म्हणून तर बघा, मी घरी आत्याला सांगेन."

ती हुशार होती, वेगवान होती, आणि हाक आली की खऱ्या वस्तूपाशी धावत जाणारी होती. काका तिच्या नकळत तिचे कागद इतरांना दाखवायचे. सत्ताविसाव्या वर्षी तिला पहिले मोठे काम मिळाले. ती सहा गेटे.

शहराला पाणी देणाऱ्या केंद्रात सहा खोल हौद होते. प्रत्येक हौदाच्या तळाशी कचरा अडवणाऱ्या जाळ्या, आणि त्या हाताने साफ करायला माणसे शिडीने खाली उतरायची. आधी हौदाचे गेट बंद व्हायचे, मग पाणी उपसले जायचे, मग हिरवा दिवा लागायचा. हिरवा दिवा म्हणजे आत जा. आता हे सगळे प्रोग्रॅम करणार होता. हिरवा दिवा लागलेला असताना पाणी आत येऊ शकते का, एवढाच प्रश्न होता. सोमवारी केंद्र या नव्या प्रोग्रॅमवर सुरू व्हायचे होते.

गेट माझ्या झडपेसारखेच. उघडे, सरकणारे, बंद. सहा गेटांच्या तीन तीन अवस्था आणि सहा हौदांची चार चार घरे धरली, तर चौकोन होत होते तीस लाखांच्या घरात. त्या काळातला संगणक चार दिवस धापा टाकत राहिला आणि मग त्याने मान टाकली. सोपे करायला हवे होते. मुलीने सरकणारे गेट ही वेगळी अवस्था काढून टाकायचे ठरवले. चौकोन एकदम अडीच लाखांवर आले. त्यात चूक काहीच नव्हती. सोपे करणे हीच तर आमची कला! फक्त सरकणाऱ्या गेटाला कोणाच्या घरात राहायला पाठवायचे, हे ठरवायचे होते. उघड्याच्या की बंदच्या?

गुरुवारी तिने त्याला उघड्याच्या घरात पाठवले, म्हणजे भित्र्याच्या बाजूने. संगणकाने हाक दिली. दिवा हिरवा, माणूस आत, गेट उघडे.

मी तिच्याच टेबलावर होते. तिने हाकेचा कागद वाचला. मग घड्याळ पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. बादली भरून तीन सेकंद मोजायला तिला एक मिनिट लागले असते. मित्रांनो, मला खूप ओरडावेसे वाटले. पण माझ्यात पाणीच नव्हते, आणि कोरड्या टाकीला आवाज नसतो. तिने हातातल्या फायली माझ्या तोंडावर ठेवल्या. शुक्रवारी सकाळी तिने सरकणारे गेट बंदच्या घरात टाकले. दुपारी चारला संगणक म्हणाला, सगळे ठीक आहे. हाक नाही.

तिने हाक खोटी आहे असे ठरवले होते. न मोजता.

शनिवारी सकाळी काका तिच्या टेबलापाशी आले. हातात तिचा अहवाल होता. त्यांची सही अजून व्हायची होती.

"मॅडम, गेट सरकायला चाळीस सेकंद लागतात. ते कुठे गेले?"

तिने वर पाहिले नाही. "लक्षात नाही आलं, बाबा."

कचेरीत ती त्यांना बाबा म्हणाली ती तेवढीच एकदा. काकांनी माझ्यावरच्या फायली उचलून बाजूला ठेवल्या आणि मला दोन्ही हातांत घेतले.

बैठकीत मोठ्या बाई होत्या, म्हणजे सगळ्या कचेरीच्या प्रमुख. वेळ वाया गेलेली त्यांना अजिबात खपत नसे. "हे काय? मासे दाखवणार आहात का?"

"एकच प्रयोग, बाई. हिरवा दिवा लागला की झडपेच्या तोटीखाली बोट धरायचं. बोट कोरडं राहिलं तर मी आत्ता सही करतो."

"माझंच बोट कशाला?"

"सही माझी. बोट तुमचं. जबाबदारी वाटून घेऊ."

लोक हसले. बाईही हसल्या. काकांनी बादली भरली. पाणी माझ्यात येऊ लागले आणि सतरा माणसे श्वास रोखून माझ्याकडे पाहू लागली. काय क्षण होता! पाणी चढले, वरचा गोळा डुलला, हिरवा दिवा लागला, आणि मोठ्या बाईंनी ऐटीत बोट पुढे केले.

एक. दोन. तीन.

बाईंची बाही कोपरापर्यंत भिजली. काही शिंतोडे मुलीच्या अहवालावर उडाले. पुन्हा हशा झाला. मग कोणीतरी हळूच म्हणाले, "तिथे चाळीस सेकंद आहेत," आणि हशा एकदम थांबला. झडपेच्या तोटीच्या जागी तिथे माणसापेक्षा उंच गेट होते.

"हौद आधीच रिकामा असला, तर दिवा गेटाला नुसता निरोप गेल्यावरच लागतो," काका म्हणाले. "गेट खरोखर बसल्यावर लागायला हवा. गेटाच्या उंबऱ्यात एक बटण बसवा. गेट त्यावर टेकल्याशिवाय दिवा नाही. आणि नकाशात सरकणाऱ्या गेटाला उघडंच समजा. चौकोन तेवढेच राहतील, एकही वाढणार नाही."

"हे आधी का नाही लक्षात आलं?" बाई मुलीकडे वळल्या.

मुलीने मान वर केली. ती काहीतरी बोलणार होती. पण काकांनी तिला बोलू दिले नाही.

"चूक माझी आहे, बाई. सरकण्याच्या वेळेची माहिती मी तिला दिली नव्हती. तिला माहीत असायचं कारण नव्हतं."

नऊ वर्षांच्या पोरीबरोबर दहा वेळा मोजणारा माणूस हे बोलत होता! मी त्यांच्या समोरच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

बटण बसले. नकाशा नव्याने तपासला. या वेळी सरकणारे गेट उघड्याच्या घरातच होते आणि तरीही हाक आली नाही. केंद्र आठ दिवस उशिरा सुरू झाले. जाळ्या साफ करणाऱ्यांचा मुकादम मला पाहायला मुद्दाम आला. गोल डोक्याचा, मोठ्या आवाजाचा माणूस. "हीच का ती?" म्हणाला. "मला वाटलं होतं मोठी असेल." मग त्याने माझ्या काचेवर दोनदा थाप मारली, म्हशीला मारतात तशी. इतका मोठा मान मला पुन्हा मिळाला नाही.

कागदोपत्री मात्र वेगळे लिहिले गेले. माहिती वेळेवर न दिल्याबद्दल वरिष्ठ तपासनीसांना समज देण्यात आली. काकांचा सहीचा अधिकार गेला. नोकरीचे शेवटचे वर्ष त्यांनी जुन्या फायलींच्या खोलीत काढले. नकाशा इतक्या कमी दिवसांत दुरुस्त केल्याबद्दल मुलीची पाठ थोपटली गेली. पुढे ती त्या विभागाची प्रमुख झाली. निवृत्तीच्या दिवशी लोकांनी काकांना शाल दिली. मला कोणी काही दिले नाही. मी त्यांच्या मांडीवर बसून घरी आले.

मग माझे पडझडीचे दिवस सुरू झाले. आत्यांनी आधी माझ्यात लोकरीचे गुंडे ठेवले, मग छत्र्या, मग कांदे. कांद्यांबद्दल मी त्यांना अजून माफ केलेले नाही. माझ्या पट्ट्यांचे रंग उडाले, झडपेवर क्षारांचा पांढरा थर चढला. तरी दोन चार महिन्यांनी काका मला रिकामी करायचे, धुवायचे, पाणी भरायचे आणि दिवा लागला की ओठांतल्या ओठांत मोजायचे. मुलगी समोर बसलेली असायची. सहा गेटांचे नाव दोघांपैकी कोणी सहसा काढत नसे. ती काढायची तेव्हा अर्धेच काढायची, त्या रविवारी काढले तसे.

काका गेल्यावर बरेच दिवस घरात नातेवाइकांची ये-जा होती. ती ओसरल्यावर एका दुपारी पलीकडच्या गल्लीतल्या शाळेच्या शिक्षिका आल्या. दारातच घुटमळल्या.

"काका आमच्या मुलांना टाकी दाखवायला येणार होते. येत्या शुक्रवारी. मुलं विचारतायत. मी त्यांना नाही म्हणून सांगते, पण म्हटलं आधी तुम्हाला..."

आत्यांनी मुलीकडे पाहिले. "त्या डब्यात आता माझे कांदे आहेत," त्या म्हणाल्या. आणि लगेच उठून त्यांनी कांदे टोपलीत ओतले.

"मी आणते टाकी," मुलगी म्हणाली.

मित्रांनो, आमच्या जातीच्या वस्तू आपली गोष्ट संपवताना काहीतरी मागतात. मला पुसून ठेवा, जपून ठेवा, अडगळीत टाकू नका, असे. मलाही कोरड्या फडक्याने पुसलेले आवडेल, नाही कशाला म्हणू? पण मला याहून मोठे मागायचे आहे. तुम्ही मोठे व्हाल, अवघड गोष्टी सोप्या कराल. बिनधास्त करा, त्याच्यासारखी मजा दुसरी नाही! करताना काहीतरी गाळावे लागेलच. जे गाळाल त्याला भित्र्याच्या बाजूला पाठवा. आणि हाक आली की तिच्यावर फायली ठेवू नका. एक मिनिट काढा, खऱ्या वस्तूपाशी जा आणि मोजा. एवढे केलेत तर माझ्यात खुशाल कांदे ठेवा.

शुक्रवारी शाळेच्या सभागृहात काय धमाल उडाली! काकांच्या मुलीने फरशीवर खडूने दहा चौकोन काढले. चाळीस मुले पाणी झाली आणि चौकोनाचौकोनातून धावू लागली. दोन वेण्यांची एक मुलगी झडप झाली, तिने दोन्ही हात पसरले. हिरवा दिवा लागला की ती हात मिटायला लागायची आणि सगळे सभागृह ओरडायचे, "एक! दोन! तीन!" तोवर जे आत घुसतील ते घुसले. एक जाडा मुलगा दर वेळी तिसऱ्या सेकंदाला तिच्या काखेतून निसटायचा. शिक्षिकाही पाणी झाल्या. मला वाटत होते की माझ्या काचेला तडा जाईल, इतका आनंद मला झाला होता. आत्या मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि कोणाचे लक्ष नाही असे पाहून मोजत होत्या.

मग मुले माझ्याभोवती बसली आणि काकांच्या मुलीने त्यांना सहा गेटांची गोष्ट सांगितली. हौद, जाळ्या, शिडीने उतरणारी माणसे, भिजलेली बाही. मुले खिदळली.

"एक इंजिनिअर होती," ती म्हणाली. "तिने सरकणाऱ्या गेटाला आधी उघडं धरलं. हाक आली. मग तिने त्याला बंद धरलं. हाक थांबली. चाळीस सेकंदांचं तिच्या लक्षात आलं नाही."

पुढच्या रांगेत चष्मा लावलेली एक मुलगी होती. तिने हात वर केला. "पण आधी तिने उघडं धरलं होतं ना?"

"हो."

"म्हणजे तिला माहीत होतं की ते लगेच बंद होत नाही. मग लक्षात नाही आलं असं कसं?"

"विसरली असेल," जाडा मुलगा म्हणाला.

"एका दिवसात?"

माझ्या पंपाची बारीक घरघर तेवढी चालू होती. काकांची मुलगी माझ्या कडेवर हात ठेवून उभी होती आणि माझे पाणी थरथरले. या वेळी खालून ट्रक गेलेला नव्हता. मागच्या बाकावर आत्यांनी पिशवी खाली ठेवली.

"बरोबर पकडलंस," काकांची मुलगी त्या चष्मेवालीला म्हणाली. "ती विसरली नव्हती. आणि ती इंजिनिअर म्हणजे मी."

मग ती मुलांकडे बघत राहिली नाही. ती माझ्याकडे वळली आणि माझ्या पाण्यात पाहत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"बाबा, तीन सेकंद मला पाठ होते. हाक मला ऐकू आली होती. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. चूक माझी होती, तुमची नव्हती. आणि हे तुम्हाला त्याच दिवशी माहीत होतं."